भिंतीतला पाइप

३ फेब्रुवारी

आजपासून आहार बदलला. निर्णय विचारपूर्वक घेतला आहे. काल संध्याकाळी.

कारण नोंदवून ठेवतो. एका ज्येष्ठ लेखिकाबाईंच्या आठ कादंबऱ्या आमच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित होणार आहेत. वाचणारा एकच. मालकांनी आम्हा दोघा वाचकांना केबिनमध्ये बोलावून सांगितले की बाईंना आता दिसत नाही, त्या कानांनी निवड करतील. दोघांनी पहिल्या कादंबरीची तीन प्रकरणे वाचून द्यायची. बाई ज्याला निवडतील तो राहील. दुसऱ्याला ठेवणे स्टुडिओला परवडणार नाही. हे सांगताना मालक सारखे माझ्याकडे पाहत होते. दुसऱ्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नसावे.

दुसरा म्हणजे बिस्किट्या. वय तिशी. दिवसभर चहात बिस्किटे बुडवतो. आवाजही तसाच, भिजलेला. वाईट वाटते त्याचे. कुठे जाईल बिचारा?

माझा आवाज खर्जातला. फोन उचलला की लोक आधी जरा गप्प होतात. प्रश्न फक्त दमाचा आहे. अलीकडे लांब वाक्याच्या शेवटी श्वास पुरत नाही, आणि लेखिकाबाई पूर्णविराम देण्याच्या बाबतीत कंजूष आहेत. एक खिडकी उघडायला त्यांना चार पाने लागतात. पोट सुटले की दम तुटतो, असे एका लेखात वाचले. उपाय: प्रथिने. स्नायू बनतात, पोट उतरते, दम वाढतो. लेख अर्धा वाचला. उरलेल्या अर्ध्यात सूचना होत्या.

ब्रेड, बटाटा, साखर, बिस्किट बंद. हिला सांगितले. ही म्हणाली, बरं. एवढ्या मोठ्या निर्णयाला एवढाच प्रतिसाद.

४ फेब्रुवारी

सकाळी सहा उकडलेली अंडी. दुपारी हरभरे, मोठा डबा भरून. चार वाजता दुधातून प्रोटीन पावडर. रात्री राजमा, वर सोयाबीन.

तृप्त.

'प्रमाण हळूहळू वाढवा' असे त्या लेखात होते. 'हळूहळू' हा शब्द ज्यांच्याकडे निश्चय नसतो त्यांच्यासाठी असतो. 'पाणी भरपूर प्या' असेही होते. ते शक्य नाही. दर अर्ध्या तासाने बूथमधून उठणारा वाचक हा वाचक नव्हे, नळ आहे.

६ फेब्रुवारी

पोट घट्ट. दाबले तर आत जात नाही. स्नायू तयार होऊ लागले. जेवताना हे सांगितले तेव्हा कन्येने विचारले, बाबा, स्नायू पोटाच्या आतल्या बाजूला येतात का. कॉलेजात शास्त्र शिकते. शिक्षणाचा दर्जा कुठे चालला आहे हे यावरून कळते.

८ फेब्रुवारी

सकाळी बाथरूममध्ये पेपर अग्रलेखासकट वाचून झाला. बाकी काही झाले नाही. कालही नाही. परवाही नाही.

शरीर आता काहीही वाया घालवत नाही.

कन्या बाहेरून दार वाजवत होती. तिला म्हणालो, मोठ्या कामाला वेळ लागतो. ती म्हणाली, माझं छोटंच आहे, आधी मला जाऊ दे.

९ फेब्रुवारी, रविवार

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. डॉक्टर म्हणवतो, जनावरांचा आहे. हिने न विचारता त्याला सगळे सांगितले. तोही न विचारता बोलू लागला. म्हणाला, दाजी, जनावराचा चारा एकदम बदलत नाहीत. जुन्यात नवा थोडाथोडा मिसळतात, पोटाला सवय होऊ देतात, पाणी पाजतात. नाहीतर पोट फुगतं आणि बैल आडवा होतो.

मी शांतपणे म्हणालो की मी बैल नाही.

ही म्हणाली, "बैलाला निदान सांगितलेलं कळतं."

दोघे भाऊबहीण पोट धरून हसले. मला पोट धरता येत नव्हते. फार दुखत होते.

१० फेब्रुवारी

मुद्रणाचा पहिला दिवस. पहिले प्रकरण.

बूथ म्हणजे कपाटाएवढी खोली. भिंतींना फोम, जाड दार, समोर काच. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टबाई, कानांवर हेडफोन. या बाई महिन्यात चार वाक्ये बोलतात. त्यांतली तीन आज वापरली.

दुसऱ्याच पानावर थांबवले. विचारले, खुर्ची हलली का? मी म्हणालो, हलली असेल. खुर्ची बदलली. पाचव्या पानावर पुन्हा. या वेळी म्हणाल्या, काहीतरी गडगडतंय. मी एसीकडे बोट दाखवले. एसी बंद केला. त्यानंतर दोन पाने चांगली गेली. मग त्या आत आल्या, दारातच उभ्या राहिल्या, एक पाऊल मागे गेल्या आणि म्हणाल्या, ब्रेक घेऊ. दाराला खुर्ची लावून दार उघडे ठेवून गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत.

एसी नसला की बूथमधली हवा कोंदट होते. पूर्वीपासूनच आहे ते.

११ फेब्रुवारी

बिस्किट्याने दुपारी पहिले प्रकरण एका बैठकीत संपवले. कुठे थांबला नाही. गडगड नाही, काही नाही. बाहेर येऊन चहा मागितला.

वाचताना मध्येच हळू झाला म्हणे. कादंबरीतला नवरा आजारी पडतो त्या पानावर. ज्याला वेग सांभाळता येत नाही त्याने हे काम करू नये.

१२ फेब्रुवारी

आवाजाचा उलगडा झाला.

काल रात्रभर विचार केला (झोप तशीही नव्हती, ही कन्येच्या खोलीत झोपायला गेली आहे, गरम होते म्हणते). गडगड खालच्या सुरात येते. पाणी सरकावे तशी. माझ्या मागून किंवा खालून. मागे भिंत आहे. म्हणजे भिंतीत पाइप असणार.

मग बिस्किट्याच्या वेळी तो का वाजत नाही? कारण त्याचा आवाज पातळ आहे. पातळ आवाजाने पाइप हलत नाही. माझ्या खर्जाने तो थरारतो. ज्या गोष्टीमुळे मी श्रेष्ठ, तीच आड येते आहे.

मालकांना सांगितले. त्यांना ते लागले. बूथ त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधला आहे. फोमचा तुकडा न् तुकडा स्वतः कापला. माझ्या बूथमध्ये आवाज येतो, असे दोनदा स्वतःशीच म्हणाले. रेकॉर्डिस्टबाईंना रिकाम्या बूथची शांतता मुद्रित करायला लावली. कुठे गडबड आहे हे कळावे म्हणून आमच्याकडे आधी शांतता ऐकतात. त्यात काहीच सापडले नाही. मी हसलो. रिकाम्या बूथमध्ये खर्ज कुठे आहे? मालक विचारात पडले.

उद्या प्लंबर.

१३ फेब्रुवारी

मी बूथमध्ये बसून वाचायचे आणि प्लंबरने भिंतीला कान लावून ऐकायचे, असे ठरले. जागा कमी. त्याचा कान भिंतीला, कोपर माझ्या बरगडीत.

लगेच गडगडले. प्लंबरने बोट वर केले. कान थोडा खाली सरकवला. पुन्हा गडगडले. आणखी खाली सरकवला. असे करत करत तो माझ्या पोटासमोर उकिडवा बसला, आणि तिथून बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

बाहेर येऊन त्याने मालकांना सांगितले की आवाज आहे, पण भिंतीतला वाटत नाही. मग कुठला, ते सांगेना. मालक संतापले. पाइप नाही तर काय उंदीर आहेत का, म्हणाले. प्लंबर म्हणाला, मोठा असेल.

अर्धवट माहितीवर जगणारे लोक.

१५ फेब्रुवारी

अंडी आठ केली. अशक्तपणा वाटतो आहे, म्हणजे प्रथिने कमी पडत असणार.

बिस्किट्याने सगळ्यांसमोर गॅसची गोळी पुढे केली. 'सर, घेऊन बघा.' मी म्हणालो, मला गरज नाही. तो म्हणाला, माझ्या वडिलांना फार बरं वाटतं याने. वडिलांना!

गोळी टेबलावर राहू दिली. सगळे गेल्यावर फेकून देणार होतो. फेकण्याऐवजी घेतली. फरक नाही. म्हणजे हा गॅस नव्हेच.

१७ फेब्रुवारी

भिंत फोडली.

मालकांनी फोम स्वतःच्या हाताने काढला. काढताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. गवंड्याने घाव घातले. विटा निघाल्या. पाइप नाही. आणखी विटा निघाल्या. पाइप नाही. शेवटची वीट निघाली तेव्हा पलीकडून उजेड आला. शेजारी शिंप्याचे दुकान आहे. गळ्यात टेप घातलेला शिंपी भोकातून आमच्याकडे पाहत होता. त्याच्या मागे एक गिऱ्हाईक, हात वर करून उभे.

पूर्ण शांतता. त्या शांततेत गडगडले. लांबलचक, शेवटी वर चढणारे.

मालक, गवंडी आणि रेकॉर्डिस्टबाई, तिघांनी माझ्याकडे पाहिले.

मी शिंप्याकडे पाहिले.

१८ फेब्रुवारी

मालक माझ्याशी बोलत नाहीत. भोकावर रजया टांगल्या आहेत. शिलाई मशीन आता स्पष्ट ऐकू येते. म्हणजे आवाज बाहेरून येत होता हे माझे म्हणणे सिद्धच झाले. कालपर्यंत फक्त कमी येत होता. हे मी मालकांना चिठ्ठीवर लिहून कळवले.

बिस्किट्या शिंप्याकडे जाऊन चहा पिऊन आला. शिंपी दुपारी जेवायला मशीन थांबवतो, तेव्हा वाचायचे असे ठरवून आला. लाळघोटेपणा. मी कुणा शिंप्याच्या जेवणाच्या वेळा सांभाळून वाचणार नाही.

२० फेब्रुवारी

मशीन सुरू असतानाच वाचतो म्हणालो, कारण ते असले म्हणजे बाकीचे आवाज झाकले जातात. रेकॉर्डिस्टबाईंनी नकार दिला. आता मीही शिंप्याच्या जेवणाच्या वेळी वाचतो. बिस्किट्यानंतर. त्याने अर्धा वेळ स्वतःहून सोडला. घाबरला असणार.

२१ फेब्रुवारी

घरी वाद. ही म्हणाली, अहो, नोकरी जाईल. हरभऱ्यासाठी नोकरी घालवणार का? मी म्हणालो, हे सगळे नोकरीसाठीच चालले आहे. ही म्हणाली, मग ते नोकरीला कळवा.

मग आवाज उतरवून म्हणाली की घराचे काय ते मला एकदा नीट सांगून ठेवा. कन्येची फी जूनमध्ये आहे.

बायकांना सगळ्यात वाईट तेच आधी सुचते. निवड आवाजावर आहे. आवाज माझा आहे. यात काळजी कसली?

तरी रात्री राजमा घेतला नाही. भूक नव्हती म्हणून.

२४ फेब्रुवारी

तिन्ही प्रकरणे पूर्ण.

गडगड नेमकी विरामांत येते. मी बोलत असताना ऐकू येत नाही. थांबलो की येते. म्हणून रेकॉर्डिस्टबाईंनी माझे सगळे विराम कापले. ऐकून पाहिले. माझे विराम हीच माझी कमाई. लोक त्यांच्यासाठी ऐकतात. आता वाक्याला वाक्य चिकटले आहे. नवरा आजारी पडतो, डॉक्टर येतो, बायको खिडकीशी जाते, सगळे एका श्वासात, कुणीतरी मागे लागल्यासारखे.

एका अर्थी दम वाढल्याचा पुरावा. इतके सलग मी यापूर्वी कधीच वाचले नव्हते.

२७ फेब्रुवारी

बाईंनी दोन्ही मुद्रणे ऐकली. मालकांनी निरोप सांगितला. माझ्याबद्दल बाईंनी विचारले म्हणे, या गृहस्थांना कुठे गाडी पकडायची आहे का?

पण निवड केली नाही. दोघांना समोर बसून ऐकायचे म्हणतात. म्हणजे मला ऐकायचे. बिस्किट्यासाठी कुणी घराबाहेर पडणार नाही. सोमवारी येणार.

१ मार्च

तयारी. हिने सुचवले की दोन दिवस साधे, हलके खा आणि पाणी प्या. मेहुण्याचाही फोन आला. तेच बोलला, जनावराचे नाव न घेता. दोघे मिळून ठरवतात असे दिसते.

परीक्षेच्या तोंडावर कुणी अभ्यास सोडतो का? पावडर दुप्पट केली.

३ मार्च, दुपार

बाई आल्या. सोबत भाची. बाई लहानखुऱ्या, काठी, काळा चष्मा. बूथमध्ये मावत नव्हत्या म्हणून मालकांच्या केबिनमध्ये बसलो. मायक्रोफोन नाही, मध्ये काच नाही. समोरासमोर.

आधी बिस्किट्या. नवरा मरतो ते पान बाईंनीच मागितले. त्याने वाचले. जागोजागी थांबला. इतका, की मला वाटले विसरला. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. संपल्यावर काहीच बोलल्या नाहीत. कंटाळल्या असाव्यात.

मग मी. तेच पान. खर्ज लावला. केबिनच्या काचा थरारल्या. बायको नवऱ्याचा हात हातात घेते. हात गार. ती हाक मारते. मग ते वाक्य: 'घरात कसलाच आवाज नव्हता.'

इथे मी थांबलो. माझा तो विराम. कुणी कापू शकणार नव्हते.

त्याच वेळी पोटातून थोडे आले. थोडे म्हणजे, सुरुवातीला थोडे. मग ते वाढत गेले, वळण घेतले, थांबल्यासारखे झाले आणि पुन्हा, वेगळ्या सुरात, निघाले. मी चेहरा हलू दिला नाही.

बाईंनी रुमाल तोंडाला लावला. खांदे हलू लागले. भाचीने त्यांचा हात धरला, मग तिनेही मान फिरवली. मालक छताकडे पाहत होते. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. पुन्हा पुसले. मग म्हणाल्या,

"चालू द्या. तो मेलाय की नाही, ते तरी नक्की कळू द्या."

वाचले. पान संपेपर्यंत त्यांचे डोळे वाहत होते. बिस्किट्याच्या वेळी एक थेंब नव्हता.

३ मार्च, संध्याकाळ

घरी सांगितले की काम झाल्यात जमा आहे. बाई ढसाढसा रडल्या. हिने विचारले, कशाने? मी सांगितले, विरामाने. हिने पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला.

५ मार्च

निरोप नाही. आठ कादंबऱ्यांचा करार करायला वेळ लागणारच.

६ मार्च

मालकांनी बोलावले.

बिस्किट्या.

कारण विचारले. मालक म्हणाले, बाई म्हणाल्या की तो वाचताना मला जागा देतो. कसली जागा, ते मालकांनाही माहीत नाही. माझ्याबद्दल काय म्हणाल्या ते सांगायला ते तयार नव्हते. आग्रह धरला. तेव्हा सांगितले: ते पान त्यांनी स्वतःच्या नवऱ्यावर लिहिले होते. तो गेल्याला बरीच वर्षे झाली. त्या पानावर त्यांना कुणी हसवेल असे त्यांना वाटले नव्हते. मला नमस्कार सांगितला आहे.

म्हणजे हसल्या होत्या.

नमस्कार पोचल्याचे मालकांना सांगितले.

७ मार्च

कामावर गेलो नाही. दिवसभर बाथरूमची वेळ सोडून पडून होतो. अखेर निचरा झाला. आधी झाला असता तर.

मेहुण्याला फोन केला. बैलाला चारा बदलताना नक्की किती दिवस लावतात, ते सहज विचारले. तो हसला नाही. सगळे नीट सांगितले. मी लिहून घेतले नाही, लक्षात ठेवले.

१० मार्च

स्टुडिओत गेलो, सामान आणायला. मालकांनी थांबवले. बिस्किट्याने त्यांना सांगितले आहे म्हणे, की आठ कादंबऱ्यांना तपासणारा लागेल: समोर छापील पुस्तक, कानांवर हेडफोन, शब्द गळला की बोट वर करायचे. आणि सर असतील तर मला धीर येईल, असेही म्हणाला. पगार कमी.

विचार करून सांगतो म्हणालो. जिना उतरलो. अर्ध्यातून परत चढलो आणि हो म्हणालो.

त्याला माझा धाक वाटतो. दुसरे काय?

१९ मार्च

भिंत बुजली. फोम मालकांनी परत लावला, तुकडा न् तुकडा. शिंपी ऐकू येत नाही.

मी रेकॉर्डिस्टबाईंच्या शेजारी बसतो. बाटलीभर पाणी जवळ असते. उठायला आता कुणाची आडकाठी नाही. खाण्यात ब्रेड परत आणला. अंडी दोन. हरभरे थोडे. प्रयोगाचा हेतू सफल झाला म्हणून प्रमाण कमी केले.

बिस्किट्या आज नवऱ्याच्या मरणाच्या पानावर होता. 'घरात कसलाच आवाज नव्हता' म्हणाला आणि थांबला. मी हेडफोन दाबून धरले. काहीतरी गडगडेल म्हणून वाट पाहिली. काहीच आले नाही. खूप वेळ काहीच आले नाही. रेकॉर्डिस्टबाईंनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा कळले की माझे बोट वर गेलेले आहे. शब्द गळलेला नव्हता. खाली घेतले.

माझे पोटही दिवसभर शांत होते. काचेच्या या बाजूला मायक्रोफोन नाही.